कुंडी, स्टेन्सिल आणि जोर्वेचं खापर

टेराकोटाची कुंडी आणायची, स्टेन्सिल चिकटवून स्पंजने अ‍ॅक्रिलिक थोपटायचं, फोटो काढायचे.. आणि एका पावसाळ्यानंतर पोपडे मोजत बसायचं. बाल्कनीत बाग करणाऱ्या बऱ्याच मंडळींचा हा वार्षिक कार्यक्रम असतो. कारण साधं आहे. भाजलेली माती सच्छिद्र. झाडाला घातलेलं पाणी आतून झिरपतं आणि वरच्या रंगाला बाहेर ढकलतं.

पण आपल्याच प्रवरेच्या आणि घोडनदीच्या काठी अशाच मातीवरचा रंग तीन हजार वर्षं टिकलाय!

संगमनेरजवळच्या जोर्वे गावात १९५०-५१ साली ह. धी. सांकळिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केलं. तिथे चाकावर घडवलेली, लाल लेपाची आणि त्यावर काळी नक्षी असलेली खापरं मिळाली. इतकी पक्की भाजलेली, की टिचकी मारली तर खणखणीत वाजावीत. पुढे नेवासे, दायमाबाद, इनामगाव अशी अनेक ठिकाणी तीच भांडी निघाली आणि या छोट्या गावाचं नाव एका अख्ख्या संस्कृतीला मिळालं.

गंमत आहे ती क्रमात. आपण भाजून झालेल्या कुंडीवर रंग देतो. तो कुंभार आधी लेप द्यायचा, त्यावर नक्षी काढायचा आणि मग भांडं भट्टीत घालायचा. मोकळ्या हवेत भाजताना लेपातलं लोह लाल होतं आणि नक्षी मातीबरोबरच पक्की होते. आमच्या धंद्याच्या भाषेत, त्याचं सगळं कंपाइल टाइमला, आपलं रनटाइमला. (मग क्रॅश कोणाचं होणार?) आणि स्टेन्सिल वगैरे भानगड नाही. समांतर रेषा, जाळीने भरलेले चौकोन, सगळं कुंचल्याने, हाताने. इनामगावला तर दफनातल्या एका भांड्यावर लांब वल्ह्यांची होडी रंगवलेली आहे.

शिरूर तालुक्यातलं हे इनामगाव डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ एवढी वर्षं खणलं. शंभराहून जास्त घरं उजेडात आली. इ.स.पू. १४०० ते १००० च्या सुमारास तिथे ऐसपैस चौकोनी घरं होती आणि भांडी सुबक रंगवलेली. १००० नंतर गोल झोपड्या आल्या, भांडी ओबडधोबड झाली, नक्षी कमी कमी होत गेली आणि इ.स.पू. ७०० च्या आसपास वस्तीच उठली. म. के. ढवळीकरांचं म्हणणं असं, की पाऊस घटला, शेती पोसेना, लोक गुराढोरांकडे आणि शिकारीकडे वळले. सगळं खापर पावसावर फोडणं मला थोडं जास्त वाटतं. पण भाकरीची भ्रांत पडली की कुंचला आधी सुटतो, हे पटायला अवघड नाही.

एका गोष्टीपाशी मात्र मी अडकतो. इथली लहान मुलं गेली की त्यांना दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यात ठेवत आणि घराच्याच जमिनीखाली पुरत. ते रांजण साधे, जाडेभरडे. पण मुलाबरोबर जी एखादी वाटी, तोटीचं भांडं ठेवत, त्यात ही रंगवलेली भांडीही सापडतात.