बॅकस्टे ॲडजस्टर : जुन्या शिडाच्या नौकेसाठी निवड

शिडाच्या नौकेत डोलकाठीच्या वरच्या भागापासून पिछाडीपर्यंत जाणाऱ्या पोलादी ताणतारेला बॅकस्टे म्हणतात, आणि नौका चालू असतानाच या तारेचा ताण कमी-जास्त करता यावा म्हणून तिच्या खालच्या टोकाशी बसवलेल्या साधनाला बॅकस्टे ॲडजस्टर. नौका बंदरात असताना ताण ठरवून देणारा साधा फिरकीचा स्क्रू, म्हणजे टर्नबकल, बहुतेक जुन्या नौकांवर असतोच. ॲडजस्टरची गरज वाऱ्याबरोबर ताण बदलायचा असेल तेव्हाच भासते.

हा ताण काय करतो, हे शिडाच्या मांडणीवर ठरते. पुढची ताणतार, म्हणजे फोरस्टे, डोलकाठीच्या अगदी टोकाला पोहोचत असेल तर त्या मांडणीला मास्टहेड म्हणतात. तिच्यात बॅकस्टे आवळला की फोरस्टेही ताठ होतो, त्याची झोळ कमी होते, पुढचे शीड सपाट होते आणि नौका वाऱ्याच्या उगमाच्या दिशेला अधिक जवळून चालते. फोरस्टे टोकाच्या खालीच थांबत असेल, तर ती मांडणी फ्रॅक्शनल. तिच्यात बॅकस्टे आवळल्यावर डोलकाठीचा माथा मागे वाकतो, मधला भाग पुढे येतो आणि मुख्य शीडही सपाट होते. रॉड जॉनस्टन यांनी आखलेली, 1977 पासून बांधली जाणारी जे/24 ही दुसऱ्या प्रकारातली, तर कार्ल आल्बर्ग यांच्या आराखड्यावरून कॅनडातील व्हिटबी बोट वर्क्सने 1962 पासून बांधलेली आल्बर्ग 30 ही पहिल्या प्रकारातली नौका होय.

जुन्या नौकेच्या बाबतीत निवडीचा खरा निकष ॲडजस्टरची ताकद हा नसून तो ताण सोसणाऱ्या सांगाड्याची ताकद हा आहे. दोन्ही तारा नौकेची टोके वर खेचतात आणि डोलकाठी मधला भाग खाली दाबते. आल्बर्ग 30 मध्ये डोलकाठी डेकवर उभी असून तिचा भार खालच्या थरबद्ध लाकडी तुळईवर येतो; अशी तुळई पाणी मुरून मऊ झालेली असेल, तर वाढवलेला ताण शिडापर्यंत न पोहोचता तिलाच खचवत राहतो. बॅकस्टे आवळल्यावर बाजूच्या ताणतारा सैल पडणे, केबिनचे दार चौकटीत अडकणे किंवा फोरस्टेची झोळ काही मर्यादेपलीकडे कमीच न होणे ही त्याची लक्षणे असतात. पिछाडीला तार धरून ठेवणारी चेनप्लेट, म्हणजे सांगाड्याला बोल्टने जखडलेली धातूची पट्टी, डेकमधून आरपार जात असेल, तर तिचा झाकलेला भाग उघडून पाहिल्याशिवाय कोणताही ॲडजस्टर बसवू नये, कारण स्टेनलेस पोलाद प्राणवायू न पोहोचणाऱ्या ओलसर फटीत बाहेरून न दिसता गंजते.

ताण अंदाजाने ठरवणे टाळावे. एकोणीस धाग्यांच्या एकसरी तारेचा 2 मीटर लांबीचा भाग 1 मिलीमीटरने ताणला गेला, की तिच्यावर तुटण्याच्या भाराच्या सुमारे 5 टक्के भार आलेला असतो. तार जाड असो वा बारीक, हे प्रमाण जवळपास तेच राहते, कारण जाडीबरोबर ताकद आणि ताठपणा दोन्ही सारखेच वाढतात. सैल तारेवर 2 मीटरची पट्टी वरच्या टोकाला पक्की बांधून खालच्या टोकाची सरक मोजली, की ताण कळतो. सांगाडा धड असलेल्या जुन्या नौकेतही 4 मिलीमीटरच्या, म्हणजे सुमारे 20 टक्क्यांच्या, आसपास थांबणे शहाणपणाचे ठरते.

प्रकारांपैकी जुन्या मास्टहेड नौकेला सर्वांत अनुकूल प्रकार खाली दोन फाट्यांत विभागलेल्या बॅकस्टेचा आहे. दोन्ही फाट्यांवर चाके असलेला सांधा बसवून तो कप्पी-दोराने खाली ओढला, की फाटे एकमेकांकडे दाबले जाऊन तार आवळली जाते. याचा आवाका मर्यादित असतो, पण दोर तुटला तरी तार अखंड राहते आणि डोलकाठी निराधार होत नाही. थेट तारेच्या मार्गातच कप्प्यांची साखळी बसवण्याची पद्धत हलक्या फ्रॅक्शनल नौकांना शोभते. मास्टहेड नौकेवर ती वापरल्यास सोबत तारेचा सुटा राखीव दुवा ठेवणे अत्यावश्यक आहे. हाताच्या चाकाचा स्क्रू-ॲडजस्टर मंद असला तरी टिकाऊ असतो आणि लांबच्या सफरीत तो भरवशाचा ठरतो.

हायड्रॉलिक ॲडजस्टर सर्वांत शक्तिशाली, आणि म्हणूनच जुन्या नौकेत सर्वांत जपून वापरण्याजोगा, कारण पंपाच्या दांडीवर हाताला जोर जाणवत नाही. त्याला दाबमापक हवाच. दाब आणि दट्ट्याचे प्रत्यक्ष ओढणारे क्षेत्रफळ यांचा गुणाकार म्हणजे ओढ, त्यामुळे 15 चौरस सेंटिमीटर क्षेत्रावर दर चौरस सेंटिमीटरला 100 किलोग्रॅम दाब असेल तर ओढ 1,500 किलोग्रॅम भरते. जुना, वापरलेला संच घेतल्यास त्याचे सील बदलावे लागतात.

तारेच्या मार्गात बसणारा कोणताही प्रकार निवडला तरी त्याच्या लांबीइतकी तार कापावी लागते. ॲडजस्टर पूर्ण सैल असताना डोलकाठी किती पुढे झुकते हे कापण्याआधी तपासावे. चेनप्लेटजवळ दोन्ही दिशांना वळणारा सांधा, म्हणजे टॉगल, बसवावा. तो नसेल तर नौकेच्या प्रत्येक हेलकाव्यासरशी ॲडजस्टरचा दांडा वाकवला जातो आणि आट्यांच्या मुळाशी थकून तडकतो.