पाठ फिरवलेली खाडी

सुट्टीत क्रूझने कुठं जायचं, हा प्रश्न आता ठाण्या-डोंबिवलीतल्या घरांतही निघतो. गोवा की लक्षद्वीप? रम्य जागा आपण दूरच का शोधतो, याला इतिहास आहे.

सुमारे पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात कल्याण बंदराचा उल्लेख येतो. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणकरांची दानं कोरलेली आहेत. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण घेतलं आणि या खाडीकाठी आरमाराची जहाजं बांधायला घेतली. पुढं १६ एप्रिल १८५३ ला आगगाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली, १८५४ मध्ये कल्याणला. प्रवास रुळांवर गेला आणि आपण पाण्याकडं पाठ फिरवली. खाडी उरली ती पुलावरून ओलांडण्यापुरती आणि सांडपाणी सोडण्यापुरती.

तरी ठाणे खाडीत फ्लेमिंगो येतातच. २०२२ मध्ये ती रामसर स्थळही झाली. म्हणजे रम्यता इथून गेलेली नाही, आपली बघायची सवय गेली.

लक्षद्वीपला जरूर जावं. पण तिथलं निळं पाणी पाहून आल्यावर एकदा दुर्गाडीच्या काठावर उभं राहावं आणि स्वतःलाच विचारावं: हे पाणी आपण कुणाच्या भरवशावर सोडलं?