अक्षरे चार, उच्चार दोन

वाशीमहून पुसदकडे जाताना वाटेत अनसिंग लागते. एस.टी. थांबली आणि वाहकाने गावाचे नाव पुकारले, की जरा कान देऊन ऐका. कागदावर अ, न, सिं, ग अशी चार अक्षरे. कानावर पडतात ते दोनच तुकडे, अन्‌ आणि सिंग्‌. खेड्यातल्या पोराने असे म्हटले की ‘अक्षरे खातोस’ म्हणून त्याला दटावणारे कितीतरी भेटतात. हा त्या पोरावर अन्याय आहे. अहो, पुण्याचा पंडितसुद्धा ‘करतो’ हा शब्द ‘कर्‌-तो’ असाच उच्चारतो. त्याला कोण दटावतो?

हा ‘अ’ एके काळी बोलला जात होता. अभंगाच्या चरणातली अक्षरे मोजून पाहा. शब्दाच्या शेवटचा ‘अ’ धरल्याशिवाय हिशेब जुळायचा नाही. पुढे जिभेने तो सोडला, लेखणीने तेवढा धरून ठेवला.

आता खुद्द वाशीमचेच नाव घ्या. इथे 1939 साली वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट उजेडात आला. त्यात हे नगर ‘वत्सगुल्म’ आहे. वत्‌-स-गुल्‌-म, चार तुकडे. दहाव्या शतकाच्या सुमारास राजशेखराने आपल्या ‘कर्पूरमंजरी’ या प्राकृत नाटकात इथल्या काव्यरीतीला ‘वच्छोमी’ म्हटले. म्हणजे ‘त्स’चा ‘च्छ’ झाला आणि मधला ‘ग’ गेला. ‘वच्छ’ पुढे ‘वास’ होतो. आपले ‘वासरू’ त्याच ‘वत्सा’च्या घरचे! असे झिजत झिजत दोन तुकड्यांचे ‘वा-शीम्‌’ उरले. इंग्रजी दप्तरांनी त्याचेही ‘बासिम’ केले, ते निराळे.

स्पॅनिश भाषेत आघाताची जागा बदलली की अर्थ पालटतो. ‘पापा’ शब्दात पहिल्या ‘पा’वर जोर दिला तर बटाटा किंवा पोप, दुसऱ्यावर दिला तर बाप. म्हणून तिथे लेखनात आघाताची खूण करतात. मराठीत आघाताने अर्थ असा उलटत नाही. पण वजन सरकते खरे. ‘वाशीम’ म्हणताना ‘शी’ लांबतो, ‘वाशिमला’ म्हणताच आखडतो. 1962 साली मराठी साहित्य महामंडळाने ठरवलेल्या लेखननियमांत हा फरक राखलेला आहे. अनसिंगचा शेतकरी तो नियम न वाचताच पाळतो.