जेसन आणि त्याची मालकीण

५ मे १९३० रोजी सकाळी लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावरून हिरव्या रंगाचे एक छोटे विमान ऑस्ट्रेलियाच्या दिशेने निघाले. ते चालविणारी एमी जॉन्सन सव्वीस वर्षांची होती. विमान दोन वर्षांचे, जुनेच विकत घेतलेले होते. किंमत सहाशे पौंड. वडिलांनी आणि लॉर्ड वेकफील्ड ह्या तेलव्यापाऱ्याने ती उभी करण्यास मदत केली होती. वडिलांच्या मासळीच्या व्यवसायाचे 'जेसन' हे व्यापारचिन्ह तिने विमानाला नाव म्हणून दिले. तिचे हे पहिलेच स्वतःचे विमान. त्यापूर्वीचा तिचा सर्वांत लांबचा प्रवास लंडनहून हल ह्या तिच्या जन्मगावापर्यंतचा होता.

पुढची कथा सर्वज्ञात आहे. २४ मे रोजी ती डार्विनला उतरली आणि ब्रिटनपासून ऑस्ट्रेलियापर्यंत एकटीने उडत जाणारी पहिली स्त्री ठरली. वृत्तपत्रांनी तिला डोक्यावर घेतले, तिच्यावर गाणे रचले गेले. ह्या गौरवकथेने एमीचे जे चित्र घडविले, त्यात वकिलाच्या कचेरीत टंकलेखन करणारी एक साधी मुलगी अचानक आकाशात झेपावते. हे चित्र लोभस आहे. पण आम्हांला ते अपुरे वाटते. साहस हा जणू स्वभावाचा झटका असावा आणि त्यामागे शिक्षण वा सराव काही नसावा, अशी त्याची मांडणी आहे.

ही मांडणी तपासायची तर विमानाकडेच वळावे लागते. जेसन हे जिप्सी मॉथ जातीचे विमान. लाकडी सांगाडा, त्यावर ताणून रोगण दिलेले कापड, एकावर एक असे दोन पंख, एकामागे एक अशा दोन उघड्या बैठका आणि सुमारे शंभर अश्वशक्तीचे इंजिन. रेडिओ नाही. इंजिन सुरू करायचे तर प्रोपेलर हाताने फिरवावा लागे. अशा विमानाची मालकी म्हणजे रोजची राबणूक. एमीने जुलै १९२९ मध्ये वैमानिकाचा परवाना मिळविला. तेवढ्यावर न थांबता लंडनच्या हँगरमध्ये यांत्रिकांबरोबर काम करून त्याच वर्षाच्या अखेरीस विमानदुरुस्तीचा अधिकृत परवानाही घेतला. हा परवाना मिळविणारी ती पहिली ब्रिटिश स्त्री. प्रवासात दिवसभर उडून उतरल्यावर तिचा दुसरा दिवस सुरू होई : इंजिन तपासणे, तेल बदलणे, इंधन गाळून भरणे.

ह्या प्रवासाचा एक मोठा टप्पा आपल्या भूमीवरून गेला. १० मे रोजी ती कराचीला पोहोचली, तेव्हा बर्ट हिंकलरच्या १९२८ च्या विक्रमापेक्षा ती दोन दिवस पुढे होती. दुसऱ्या दिवशी अलाहाबाद गाठण्यापूर्वीच इंधन संपत आले आणि तिला झाशीच्या लष्करी कवायतीच्या मैदानावर उतरावे लागले. तेथे पंखाला इजा झाली. पुढे रंगूनजवळ इनसीन येथे एका तंत्रसंस्थेच्या क्रीडांगणावर उतरताना विमान खड्ड्यात गेले; प्रोपेलर मोडला, पंख फाटला. सुटा प्रोपेलर तिने बरोबर आणला होता. पंखाचे कापड मात्र संपले होते. तेव्हा पहिल्या महायुद्धातील विमानांसाठी विणलेल्या, पण युद्धानंतर शर्टांसाठी वापरल्या गेलेल्या कापडाचा शोध लागला. ते शर्ट उसवून पंखाला ठिगळे लावली गेली. विमान पुन्हा उडाले, पण दिवस गेले आणि हिंकलरचा विक्रम अबाधित राहिला.

ह्या ठिगळांत आम्हांला इतिहासाचा एक वेगळा पाठ दिसतो. 'एकटीने केलेले उड्डाण' ह्या शब्दांत आकाशातील एकटेपणा खरा आहे. जमिनीवर मात्र तिच्याबरोबर तंत्रसंस्थेतील माणसे होती, शिवणारे हात होते आणि त्या हातांना काय करायचे हे सांगू शकणारे तिचे स्वतःचे ज्ञान होते. लोकप्रिय आख्यानाने ह्या दोन्ही गोष्टी वगळल्या. तिची विद्या वगळली, म्हणून ती 'नवलाची मुलगी' झाली; इतरांचे श्रम वगळले, म्हणून वाटेतले देश नुसते थांबे झाले.

एमी १९४१ च्या जानेवारीत युद्धकाळातील विमानवाहतुकीचे काम करीत असताना टेम्सच्या मुखाशी मरण पावली. जेसन लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये जपून ठेवलेले आहे. त्याच जातीची काही विमाने हौशी मालक आजही उडवितात. अशा विमानाचा नवा मालक पहिल्यांदा प्रोपेलरला हात घालतो, तेव्हा हे यंत्र आपल्याला आधी कारागीर व्हायला लावते, हे त्याला उमगत असावे. एमीला ते १९२९ सालीच उमगले होते. तिचे चरित्र वाचताना आपणही आकाशावरची नजर थोडी खाली आणावी आणि तेलाने माखलेले तिचे हात पाहावेत.