पंढरपूर रेल्वे : प्रवाशांचा पाठपुरावा व त्याचे फलित

कुर्डुवाडी–पंढरपूर–मिरज या मार्गाचे रुंदीकरण व्हावे आणि त्यावर पुरेशा गाड्या धावाव्यात, यासाठी गावोगावच्या प्रवाशांनी, व्यापाऱ्यांनी व लोकप्रतिनिधींनी केलेला दीर्घ पाठपुरावा. मूळ मार्ग बार्शी लाइट रेल्वे कंपनीचा. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याने 1897 मध्ये बार्शी रोड (आजचे कुर्डुवाडी) ते बार्शी अशी 2 फूट 6 इंच रुंदीच्या रुळांवरची गाडी सुरू केली. पंढरपूरला ती 1906 मध्ये, लातूरला 1911 मध्ये व मिरजेला 1927 मध्ये पोचली. 1954 मध्ये सरकारने हा मार्ग ताब्यात घेतला.

गाऱ्हाण्याचे मूळ अरुंद रुळांत होते. मुंबईकडून येणाऱ्या वारकऱ्याला कुर्डुवाडीला उतरून, बोचकी उचलून, छोट्या गाडीत जागा शोधावी लागे. मालाची गत याहून वाईट. रुळांची रुंदी बदलली की पोते अन् पोते एका वाघिणीतून दुसऱ्या वाघिणीत चढवावे लागे; त्यात वेळ जाई, हमाली वाढे, नाशवंत माल खराब होई. त्यामुळे रुंदीकरण ही केवळ यात्रेकरूंच्या सोयीची मागणी नव्हती.

ती टप्प्याटप्प्याने मान्य झाली. या शतकाच्या आरंभी कुर्डुवाडी–पंढरपूर, 2007-08 मध्ये लातूर–कुर्डुवाडी आणि शेवटी पंढरपूर–मिरज हे टप्पे रुंद झाले. जुनी गाडी येडशीवरून जाई आणि उस्मानाबाद (धाराशिव) हे जिल्ह्याचे ठिकाण बाजूला राही. नव्या आखणीत मार्ग वळवून ते शहर रेल्वेवर आणले गेले. स्थानिक मागणीने रेल्वेचा नकाशाच बदलल्याचे हे ठळक उदाहरण होय.

रुंदीकरणाचे मोल पुढच्या दशकात कळले. एप्रिल 2016 मध्ये दुष्काळाने होरपळलेल्या लातूरला मिरजेहून पाण्याची गाडी गेली ती याच मार्गाने. पहिल्या फेरीत 10 वाघिणींतून सुमारे 5 लाख लिटर पाणी पोचले. डिसेंबर 2020 मध्ये देशातील शंभरावी किसान रेल्वे याच मार्गावरील सांगोल्याहून पश्चिम बंगालमधील शालिमारकडे निघाली. सांगोल्याचे डाळिंब गाडी न बदलता इतक्या दूर जाणे हे, प्रस्तुत नोंदकाराच्या मते, या साऱ्या पाठपुराव्याचे सर्वांत भरीव फळ आहे.

आषाढीला नागपूर, अमरावती, भुसावळ, लातूर, मिरज अशा ठिकाणांहून विशेष गाड्या सुटतात. पण पंढरपूरला रोज विद्यार्थी, रुग्ण व नोकरदारही ये-जा करतात. त्यांच्या वेळांना जुळणाऱ्या नियमित गाड्यांची मागणी यात्रेच्या गाड्यांइतक्याच निकडीने ऐकली गेली पाहिजे.

फलटण–पंढरपूर मार्ग अजून व्हायचा आहे. लोणंद–फलटण गाडी 2019 मध्ये सुरू झाली. पुढच्या मार्गाचा निम्मा खर्च उचलण्याची तयारी राज्य सरकारने दाखवली आहे. तो पूर्ण झाल्यास लोणंदमार्गे पुण्याहून पंढरपूरला येण्यासाठी कुर्डुवाडीचा वळसा घ्यावा लागणार नाही.