सगळी मते एकालाच

1952 साली मुंबई शहर उत्तर मतदारसंघात बाबासाहेब आंबेडकर हरले. मतदारसंघ दोन जागांचा, मतदाराला मते दोन. पण दोन्ही एकाच उमेदवाराला दिली तर दुसरे बाद. 74 हजारांवर मते बाद झाली आणि आंबेडकर व अशोक मेहता यांनी याचिका केली. नवल असे, की मुंबई प्रांतात 1937 साली सगळी मते एकालाच देणे कायदेशीर होते, आणि त्यासाठी आग्रह धरला होता तो आंबेडकरांनीच. ही पद्धत म्हणजे संचयी मतदान.

हिशेब सोपा आहे. 3 जागा, 100 मतदार. प्रत्येक उमेदवाराला एकच मत देता येत असेल तर 74 जणांचा गट तिन्ही जागा नेतो. मते साठवता आली, तर उरलेले 26 जण आपली 78 मते एकाला देतात. 74 जणांची 222 मते तिघांत वाटली तर वाट्याला 74 च येतात. अल्पसंख्याकांची एक जागा पक्की!

या पद्धतीच्या जनकत्वाचा मान बहुधा लीड्सच्या जेम्स गार्थ मार्शलला देतात; त्याची पुस्तिका 1853 ची. मला तो पटत नाही. दक्षिण आफ्रिकेतील केप वसाहतीच्या विधान परिषदेसाठी हिची शिफारस 1850 मध्येच झाली होती. मार्शलने बारसे केले, जन्म आधीचा.

इंग्लंडमध्ये ती 1870 च्या शाळा मंडळांत आली. बर्मिंगहॅमच्या लिबरलांनी 15 जागांना 15 उमेदवार उभे केले, मते विखुरली आणि 6 च निवडून आले. त्याच वर्षी अमेरिकेतील इलिनॉय राज्यानेही ती स्वीकारली.

मग मुंबईत कुठून आली? आंबेडकर न्यूयॉर्कला शिकले, म्हणून कुणी इलिनॉयकडे बोट दाखवील. माझा कौल लंडनला: प्रांतिक निवडणुकांचे नियम ब्रिटिश साच्यातले, आणि शाळा मंडळांचा अनुभव तिथे गाठीशी होता. कुठूनही येवो, ती फळली: 1937 मध्ये आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या 17 उमेदवारांपैकी बहुतेक निवडून आले.

पद्धत निर्दोष नाही. संघटित गटाला ती फळते, विस्कळीत बहुमताला बुडवते. तरीही सगळ्या जागा एकाच गटाला देणाऱ्या पद्धतीपेक्षा ती न्याय्य, असे माझे मत. 1961 च्या कायद्याने आपले दोन-सदस्यीय मतदारसंघच संपले. संचयी मतदान मात्र कंपनी कायदा, 2013 च्या कलम 163 मध्ये, संचालक निवडण्याचा एक पर्याय म्हणून, अजून आहे.