एच-१बी : मेरिटचा नव्हे, पदवीचा आणि मालकाचा व्हिसा



"अमेरिकेत आरक्षण नाही. तिथे फक्त मेरिट चालते. म्हणून तिथे आमची मुले दिसतात आणि तुमची दिसत नाहीत." हे वाक्य आंबेडकरी तरुणाने आयुष्यात एकदा तरी ऐकलेले असते. कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये ऐकलेले असते, नोकरी लागल्यावर ऑफिसात ऐकलेले असते. बोलणाऱ्याला एच-१बी व्हिसाचा इतिहास ठाऊक नसतो आणि दुर्दैवाने ऐकणाऱ्यालाही तो ठाऊक नसतो. त्यामुळे उत्तर देता येत नाही, मान खाली जाते. इंजिनिअरिंगची पदवी घेऊन बाहेर जाण्याची वाट विचारायला जी मुले-मुली आमच्याकडे येतात, त्यांच्या बोलण्यातही हा न्यूनगंड आम्हाला जाणवतो. म्हणून हा इतिहास मांडणे आम्हाला गरजेचे वाटते.

सुरुवात बाबासाहेबांपासूनच करावी लागेल. १९१३ साली ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले, ते सयाजीराव गायकवाडांनी दिलेल्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. ही शिष्यवृत्ती बिनशर्त नव्हती. शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करायची, असा करार त्यांनी केला होता. १९१७ साली लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून ते त्या कराराप्रमाणे बडोद्याला आले. पुढे काय घडले ते आपण सर्व जाणतो. अमेरिकेत शिकून आलेल्या माणसाला राहायला जागा मिळाली नाही, पारशी धर्मशाळेतून हाकलले गेले, कचेरीतले शिपाई फायली लांबून टाकत. परदेशवारी, पैसे देणारा आणि त्याच्याशी बांधलेली नोकरी, ही तिन्ही सूत्रे इथेच दिसतात. एच-१बीच्या इतिहासात तीच पुन्हा भेटतील, फक्त राजाच्या जागी कंपनी येईल.

बाबासाहेब १९२३ साली लंडनहून परतले. त्याच वर्षी फेब्रुवारीत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात भगतसिंग थिंड यांच्या खटल्याचा निकाल लागला. तेव्हाच्या कायद्याप्रमाणे आशियातल्या माणसाला अमेरिकन नागरिक होता येत नसे, 'गोऱ्या' माणसाला होता येत असे. थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होते. त्यांच्या बाजूने युक्तिवाद काय झाला? आपण उच्च जातीचे, शुद्ध आर्य रक्ताचे आहोत, म्हणजे गोरेच आहोत! इथले खालचे लोक वेगळ्या वंशाचे, त्यांच्याशी आम्ही लग्नसंबंध करत नाही, हाही पुरावा म्हणून मांडला गेला. न्यायालयाने दावा फेटाळला. पण लक्षात घ्या, अमेरिकेच्या दारात उभे राहून भारतीयाने दाखवलेल्या पहिल्या कागदांपैकी एक कागद जातीचा होता. 'आम्ही तिथे जात नेली नाही' असे म्हणणाऱ्यांना हा खटला जरूर वाचायला सांगावा.

१९२४ च्या कायद्याने दार जवळपास बंद केले. १९४६ साली ते किलकिले झाले, वर्षाला १०० भारतीय इतके. १९५२ च्या कायद्यात तात्पुरत्या कामगारांसाठी 'एच-१' हा वर्ग आला आणि १९६५ साली देशवार कोटा रद्द झाल्यावर भारतातले डॉक्टर, इंजिनिअर मोठ्या संख्येने जाऊ लागले.

आता हे इंजिनिअर कुठून आले ते पाहू. खरगपूरची आयआयटी १९५१ सालची, पवईची १९५८ ची, कानपूरची १९५९ ची. जनतेच्या पैशावर उभ्या राहिलेल्या या संस्थांमध्ये अनुसूचित जाती-जमातींना प्रवेशात आरक्षण मिळाले ते १९७३ साली. म्हणजे १९६५ ते १९७३ या काळात अमेरिकेला गेलेले आयआयटीयन ज्या वर्गांत शिकले, तिथे आपल्यासाठी एकही जागा राखीव नव्हती. महाराष्ट्रातल्या बौद्धांचे तर १९७३ नंतरही भागले नाही. १९५६ साली धम्म स्वीकारल्यावर केंद्राच्या लेखी आपण अनुसूचित जातीत राहिलो नाही. राज्याने सवलती दिल्या, केंद्राने दिल्या नाहीत, आणि आयआयटी केंद्राची. पवईची ती संस्था आपल्याच मुंबईत, पण तिथल्या राखीव जागेसाठी कागदावर 'हिंदू महार' असणे भाग होते. ज्यांच्या आईवडिलांनी दाखल्यावर अभिमानाने 'बौद्ध' लिहिले, त्यांच्या मुलांनी त्याची किंमत मोजली. ही अडचण दूर झाली १९९० साली, व्ही. पी. सिंग सरकारने कायदा दुरुस्त केल्यावर.

१९९० हे साल नीट पाहा. बौद्धांना केंद्राच्या सवलती याच वर्षी मिळाल्या. ७ ऑगस्टला मंडल आयोगाच्या अंमलबजावणीची घोषणा झाली आणि 'मेरिट मेले' म्हणून सवर्ण विद्यार्थी रस्त्यावर उतरले. त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला अमेरिकेच्या अध्यक्षांनी नव्या स्थलांतर कायद्यावर सही केली आणि त्यातून आजचा एच-१बी जन्मला. वर्षाला ६५,००० जागा, जास्तीत जास्त सहा वर्षे. इथे सरकारी नोकरीत वाटेकरी आले त्याच सुमारास तिथे खाजगी दार उघडले. अमेरिकेने हे आपल्याकडे पाहून केले असे आम्ही म्हणत नाही, त्यांना त्यांच्या कंपन्यांसाठी माणसे हवी होती. पण या दारातून आत जायला तयार कोण उभे होते, हा प्रश्न तर विचारलाच पाहिजे.

आणि आता मेरिटचा मुद्दा. १९५२ च्या एच-१ व्हिसाच्या व्याख्येत 'मेरिट' हा शब्द खरोखरच होता. विशेष गुणवत्ता आणि क्षमता असलेला माणूस, असा त्याचा आशय. १९९० च्या कायद्याने इंजिनिअर-प्रोग्रामरसाठीची ती अट काढून टाकली. तिच्या जागी आले 'विशेष ज्ञानाचे काम', म्हणजे ज्या कामाला त्या विषयातली किमान पदवी लागते असे काम. तुम्ही वर्गात पहिले होता की काठावर पास झालात, हे हा कायदा विचारत नाही. पदवी आहे का आणि तुमच्यासाठी अर्ज करणारा मालक आहे का, एवढेच तो विचारतो. स्वतःचा अर्ज स्वतः भरता येत नाही, मालकच भरतो. ज्या व्हिसाच्या नावाने आपल्याला मेरिटचे धडे दिले जातात, त्याच्या व्याख्येतून मेरिट हा शब्द गेला त्याच वर्षी, ज्या वर्षी इथे मेरिटच्या नावाने बस जाळल्या जात होत्या.

पुढे तर म्हाडाच्या घरांसारखी सोडतच सुरू झाली! वाय-टू-केच्या काळात मागणी वाढली म्हणून जागा वाढवून २००१ ते २००३ या वर्षांत १,९५,००० पर्यंत नेल्या होत्या. २००४ साली त्या पुन्हा ६५,००० वर आल्या आणि अमेरिकन विद्यापीठातून मास्टर्स केलेल्यांसाठी २०,००० ची भर पडली. २००७ च्या एप्रिलमध्ये पहिल्याच दिवशी जागांपेक्षा जास्त अर्ज आले, सोडत काढावी लागली. २०१३ पासून ती दरवर्षीची झाली. २०२३ च्या सोडतीत या ८५,००० जागांसाठी सुमारे ७,८०,००० नोंदण्या झाल्या आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक नोंदण्या एकाच माणसाच्या नावाने अनेक कंपन्यांनी केलेल्या होत्या. चिठ्ठी निघण्याची शक्यता वाढावी म्हणून ज्याची ओळख होती त्याने चार-चार चिठ्ठ्या टाकल्या. पुढच्या वर्षी एका माणसाला एकच चिठ्ठी, असा नियम करावा लागला. याला मेरिट म्हणायचे असेल तर म्हणा बापडे.

मग मालक कसा मिळतो? इथे जात आपले काम चोख करते. नव्वदच्या दशकात 'बॉडी शॉपिंग' नावाचा धंदा वाढला. छोट्या सल्लागार कंपन्या इथून प्रोग्रामर उचलायच्या आणि तिकडे भाड्याने द्यायच्या. झियांग बियाओ या मानववंशशास्त्रज्ञाने आंध्रातून गेलेल्या अशा मुलांचा अभ्यास केला आहे. प्रशिक्षणाचा आणि तिकिटाचा खर्च अनेकदा हुंड्यातून निघे आणि हे जाळे नात्यागोत्यातून विणले जाई. ज्याचा मामा तिकडे कंपनी चालवतो त्याला मालक शोधावा लागत नाही. आपल्यापैकी कितीजणांचे मामा १९९५ साली न्यू जर्सीत होते? २००३ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पाहणीत अमेरिकेतल्या भारतीय स्थलांतरितांमध्ये दलित आणि खालच्या मानलेल्या जाती मिळून जेमतेम दीड टक्का आढळल्या. २०२० च्या कार्नेगी संस्थेच्या पाहणीत, जात सांगणाऱ्या हिंदू भारतीय-अमेरिकनांपैकी दहातल्या आठांहून जास्त जणांनी आपण खुल्या किंवा उच्च जातीचे असल्याचे सांगितले. जातीचा रकाना नसलेल्या व्हिसाचा हा निकाल.

तरीही आपले लोक गेले, हेही तितकेच खरे. कायदा पदवी मागत होता आणि पदवी आपल्याला बाबासाहेबांनी मिळवून दिली होती. १९८३ नंतर महाराष्ट्रात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजे निघाली आणि आपली मुले तिथे भारत सरकार शिष्यवृत्तीवर, म्हणजे आपण ज्याला 'जीओआय' म्हणतो तिच्यावर शिकली. ती मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ सालची, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात असतानाची. तिच्या बळावर शिकलेले इंजिनिअर पुण्याच्या आयटी कंपन्यांत लागले, कंपनीने त्यांना 'ऑनसाइट' पाठवले आणि त्यांनी तिथे आंबेडकरी संघटना उभ्या केल्या. १४ ऑक्टोबर २०२३ रोजी मेरीलँडमध्ये बाबासाहेबांचा १९ फुटी पुतळा उभा राहिला, त्यामागे अशाच लोकांचा घामाचा पैसा आहे.

पण तिथे गेल्यावर जात सुटते का? जून २०२० मध्ये कॅलिफोर्नियाच्या नागरी हक्क विभागाने सिस्को कंपनीविरुद्ध खटला भरला. एका दलित इंजिनिअरचा आयआयटीतला जुना सवर्ण सहाध्यायीच त्याचा वरिष्ठ होता आणि हा आरक्षणातून आलेला आहे हे त्याने इतरांना सांगितले, असा आरोप होता. कंपनीने आरोप नाकारले. २०२३ साली दोन वरिष्ठांवरचे दावे मागे घेतले गेले, कंपनीविरुद्धचा खटला मात्र विभागाने चालू ठेवला. त्याच वर्षी सिएटल शहराने जातिभेदावर बंदी घातली, तर कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने मंजूर केलेले तसेच विधेयक राज्यपालांनी परत पाठवले.

या चर्चेत व्हिसाचा मुद्दा मागे पडला, तो आम्हाला महत्त्वाचा वाटतो. एच-१बी वाल्याची नोकरी गेली की नवा मालक शोधायला ६० दिवस, नाहीतर देश सोडा. ग्रीन कार्डाचा अर्जही बहुतेकांचा मालकच भरतो आणि कोणत्याही एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा असल्यामुळे भारतीयांची रांग वर्षानुवर्षे सरकत नाही. या सगळ्या काळात तुमचा मॅनेजर सवर्ण भारतीय असेल आणि आडनाव विचारून झाल्यावर त्याचा सूर बदलला, तर तक्रार कोणत्या हिमतीने करायची? पोरांचे शाळेतले वर्ष, घराचा हप्ता, गावाकडे पाठवायचे पैसे, सगळे त्याच्या एका शेऱ्यावर अवलंबून. जातिभेदाविरुद्धचा कायदा हवाच. पण माणूस मालकाच्या दावणीला बांधलेला असेल तर तो कायदा कपाटातच राहील.

आता नवे संकट. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी नव्या एच-१बी अर्जावर एक लाख डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे ८८ लाख रुपये, अशी फी जाहीर केली. नंतर खुलासा आला की जो माणूस अमेरिकेत विद्यार्थी म्हणून आधीच आहे आणि तिथूनच व्हिसा बदलतो आहे, त्याला ती लागू नाही. याचा अर्थ काय होतो? पुण्यातून कंपनीमार्फत थेट जाण्याची वाट बंद झाल्यात जमा. उरली ती तिथे जाऊन मास्टर्स करण्याची, मग ओपीटीवर काम करण्याची (तांत्रिक शाखांना एक वर्ष आणि वर २४ महिने) आणि तेवढ्यात सोडतीत नाव लागण्याची. पहिल्या वाटेला घरचा पैसा लागत नव्हता. दुसरीला अनेकदा चाळीस लाखांच्या पुढे लागतो. बँका साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला साधारणपणे तारण मागतात आणि आपल्या बहुतेकांच्या बापाच्या नावावर सातबारा नाही. त्यात जीओआयचा हप्ता आला नाही म्हणून कॉलेज पदवीची मूळ कागदपत्रे अडवून ठेवते. अशी प्रकरणे सोडवण्यात आमचे कित्येक दिवस गेले आहेत. (एजंट 'व्हिसाची फी' म्हणून तुमच्याकडे पैसे मागत असेल तर सावध व्हा. एच-१बीची कायदेशीर फी मालकाने भरायची असते.)

२९ ऑक्टोबर १९४२ रोजी बाबासाहेबांनी व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात एक मागणी होती. वकिली आणि कलाशाखेच्या शिक्षणाने अस्पृश्यांचा फारसा फायदा होणार नाही, त्यांना विज्ञान-तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण हवे. त्यासाठी देशात वर्षाला दोन लाख आणि परदेशी विद्यापीठांसाठी वर्षाला एक लाख रुपये सरकारने द्यावेत. परदेशी तंत्रशिक्षण हा चैनीचा नव्हे तर हक्काचा विषय आहे, हे त्यांनी ८० वर्षांपूर्वी लिहून ठेवले.

आज देशभरासाठी राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या जागा १२५, त्यात अनुसूचित जातींच्या ११५. महाराष्ट्राच्या राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीच्या ७५. २०२२ साली केंद्राने भारतीय समाज, संस्कृती आणि इतिहास हे विषयच राष्ट्रीय शिष्यवृत्तीतून वगळले. समाजशास्त्राचे विद्यार्थी म्हणून आम्हाला ते फार लागले होते, पण इंजिनिअरिंगची वाट तरी मोकळी राहिली असे वाटले. जुलै २०२५ मध्ये निवड झालेल्या १०६ जणांपैकी ४० जणांनाच सुरुवातीला पत्रे मिळाली. उरलेल्या ६६ जणांना सांगण्यात आले की निधी उपलब्ध झाला तर कळवू. तिकडची विद्यापीठे ऑगस्टमध्ये सुरू होतात.